उसनं नाक

पहाटे साडेपाचला मागच्या अंगणात
ड्रमचं झाकण उघडलं, तेव्हा मिसिसिपीवरून धुकं येत होतं.
हे मी डोळ्यांनी सांगतोय.
पूर्वी नदी आधी नाकात यायची:
चिखल, डिझेल, मेलेला मासा.
तीस वर्षं बार्जच्या इंजिनांत काढलेल्या माणसाला
एवढं तरी ओळखता यायला हवं.
त्या तापानं दोन आठवडे झोपवलं, मग उठवलं,
जाताना तेवढं एक घेऊन गेला.
डॉक्टरबाई म्हणाली, येईल परत, मिस्टर गॅडिस.
तिसरं वर्ष आहे.

फासळ्यांच्या पाठीवरचा पापुद्रा
चमच्याच्या दांड्यानं कोपऱ्यात उचलायचा,
कागदी रुमालात धरून ओढायचा.
अखंड निघाला तर दिवस चांगला.
आज तीन तुकडे झाले.
मग मस्टर्डचा हात, वर मीठ, मिरी, ब्राउन शुगर, पाप्रिका,
आणि लसणाची पूड, जी मी आता
सोनारासारखी तोलून घालतो.
पूर्वी हातच माप होता.

निखारे एका बाजूला, मांस दुसऱ्या.
आगीनं मांसाकडे नुसतं बघायचं, शिवायचं नाही.
काट्यानं दोनशे पंचवीसवर थांबायचं,
मी खुर्चीवर.
सहा तास.

आठ वाजता डेल्फिन आली,
एका पायात मोजा, तोंडात टूथब्रश.
नऊ वर्षांची. आईची हॉस्पिटलच्या लाँड्रीत शनिवारची पाळी.
म्हटलं, पोरी, तुझं नाक जरा उसनं दे.
किती वेळ?
जेवणापर्यंत.
मला काय मिळेल?
टोकाचे करपलेले तुकडे, सगळे.
सौदा झाला.

सांग, धूर कसा आहे?
तिनं डोळे मिटले.
"तळघरासारखा. ओल्या पुठ्ठ्यासारखा."
बघितलं तर खरंच, पांढरा, जाड, लोळणारा.
खालची झडप बोटभर उघडली,
हिकरीचा ओंडका पालथा केला,
थांबलो.
आता?
"आता पेन्सिलीला टोक काढल्यासारखा."
आणि?
"आणि ऑडेसा आजीच्या कोटासारखा."

तो कोट कपाटात आहे.
ती गेल्यावर दोन वर्षं
मी त्यात नाक खुपसून उभा राहायचो.
नंतरची तीन, लोकर नुसती टोचते.
मला वाटायचं, तो वास तिचा.
म्हणजे माझाच होता? या गंजक्या ड्रमचा?
ऑडेसा, थँक्सगिव्हिंगच्या थंडीत
तू इथे उभी राहून मला शिव्या घालायचीस,
आत ये म्हणून.
डेल्फिननं विचारलं, काय झालं?
काही नाही. व्हिनेगरची बाटली दे.

अकराला लेम्युएल कुंपणावरून डोकावला,
"थर्मन, अजून किती वेळ?"
दुसऱ्याच्या चुलीत नाक खुपसायची त्याची सवय जुनी.
खुपस बाबा. ज्याला आहे त्यानं खुपसावं.

पुढचं मला एकट्याला जमतं.
हाडांची टोकं नखाएवढी उघडी पडली.
चिमट्यात मधोमध उचललं
तर अख्खा पट्टा थकल्यासारखा वाकला,
वरच्या काळपट सालीला भेग गेली.
झालं.

खाल्लं. मीठ पोचलं, साखर पोचली,
तिखट कानापर्यंत गेलं.
बाकी सगळं रस्त्यापलीकडच्या चर्चमधल्या गाण्यासारखं:
टाळ्या कळतात, शब्द नाहीत.
पण टेबलावर कुणी बोलत नव्हतं.
लेम्युएलसुद्धा नाही, आणि हे मेम्फिसमध्ये
रोज घडत नाही.

सहाला दारात गाडी वाजली.
डेल्फिन कोपरापर्यंत तेलकट.
"आजोबा, माझं नाक."
मी दोन बोटांमध्ये अंगठा धरला,
माझ्या चेहऱ्यावरून उचलून तिच्या चेहऱ्यावर ठेवला.
नऊ वर्षांच्या मुलीला हा खेळ आता लहान पडतो,
तरी तिनं मान पुढे केली होती.
चाचपून बघितलं.
"वाकडं बसवलंत," म्हणाली,
"पुन्हा लावा."